संदेहाची भाषा आणि निकालपत्राची संहिता

न्यायालयीन निकालपत्राकडे साहित्यविचाराच्या दृष्टीने पाहण्याची प्रथा मराठी समीक्षेत फारशी रुजलेली नाही. ‘आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध प्रा. एम. व्ही. नायडू’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९९ मध्ये दिलेला निर्णय मात्र संहिता म्हणून वाचावा अशा योग्यतेचा आहे. विज्ञानाला ठामपणे उत्तर देता येत नसेल, तर न्यायनिवाड्याने कोणत्या भाषेत बोलावे, हा त्याचा खरा विषय होय.

कथानक साधे आहे. उस्मानसागर व हिमायतसागर हे हैदराबादला पिण्याचे पाणी पुरविणारे तलाव. त्यांच्या दहा किलोमीटर परिसरात प्रदूषणकारी उद्योगांना शासन-आदेशाने मनाई होती. या टापूत एरंडेलापासून रासायनिक पदार्थ बनविणारा कारखाना काढू पाहणाऱ्या कंपनीला मंडळाने संमती नाकारली. अपिलात कंपनीने एका शास्त्रज्ञाचे प्रतिज्ञापत्र सादर केले, तंत्रज्ञान पर्यावरणस्नेही असल्याचा निर्वाळा मिळविला आणि अपील जिंकले.

सर्वोच्च न्यायालयात आल्यावर मात्र ही कथा जणू थबकते. न्या. जगन्नाथ राव यांच्या लेखणीतून विज्ञानाच्या अनिश्चिततेवर एक दीर्घ विवेचन सुरू होते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा ‘डॉबर्ट’ निर्णय आणि परदेशी विधि-नियतकालिकांतील लेख यांची उद्धृते एकापाठोपाठ एक येतात. विज्ञानाचे निष्कर्ष सतत तपासले जातात, न्यायालयाला मात्र वाद लवकर व कायमचा मिटवावा लागतो, हा ‘डॉबर्ट’मधील भेद येथे आधारभूत ठरतो. उद्धृतांची ही गर्दी पांडित्यप्रदर्शन वाटू शकते, आणि काही ठिकाणी ती तशी आहेही. परंतु तिच्यामुळेच प्रश्नाचे व्याकरण बदलते. ‘हानी होईल हे सिद्ध झाले आहे काय?’ या प्रश्नाच्या जागी ‘हानी होणार नाही हे उद्योजकाला दाखविता येते काय?’ हा प्रश्न उभा राहतो. सावधगिरीचे तत्त्व १९९६ च्या वेल्लोर निर्णयात आधीच स्वीकारले गेले होते. ते का स्वीकारावे, याची ज्ञानमीमांसा येथे मांडली जाते.

‘मॅसॅच्युसेट्स विरुद्ध पर्यावरण संरक्षण संस्था’ या अमेरिकी निर्णयाशी (२००७) तुलना केल्यास हा फरक अधिक उठून दिसतो. तेथे अनिश्चिततेचे कारण पुढे करून हात आखडता घेणारी नियामक संस्थाच होती. विवेकपूर्ण निर्णय अशक्य व्हावा इतकी ती अनिश्चितता गाढ असेल तरच तिचा आधार घेता येईल, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये शंका ही निष्क्रियतेची ढाल होती, तर दिल्लीत तीच हस्तक्षेपाचे कारण बनली. एकाच शब्दाचे वजन वक्ता कोण यावर ठरते, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकांना नवी वाटू नये.

तरीही ‘नायडू’ संहितेत एक अंतर्विरोध राहतो. विज्ञानाच्या मर्यादा इतक्या विस्ताराने सांगितल्यावर न्यायालय प्रकरण पुन्हा तज्ज्ञांच्याच अभिप्रायासाठी राष्ट्रीय पर्यावरण अपील प्राधिकरणाकडे पाठविते. डिसेंबर २००० च्या अंतिम निर्णयाने कारखान्याला परवानगी नाकारली व पिण्याचे पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण ते पाणी पिणारा नागरिक दोन्ही निर्णयांत हक्काचा धनी म्हणून येतो, वक्ता म्हणून नाही. बोलतात ते तज्ज्ञ आणि त्यांना तोलणारे न्यायमूर्ती. १९९९ च्या निर्णयात तज्ज्ञ सदस्यांच्या न्यायपीठाची गरज प्रतिपादिली होती. पुढे न्या. राव यांच्याच अध्यक्षतेखालील विधि आयोगाने २००३ मध्ये तशी शिफारस केली आणि २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आले. ही वाटचाल स्वागतार्ह असली, तरी तिच्यात सामान्य माणसाच्या साक्षीला कोणते स्थान आहे, हा प्रश्न संहितेत अनुत्तरितच राहतो.

विज्ञान अस्थिर आणि कायदा अंतिम, या भेदाचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. या तलावांभोवतीचे निर्बंध घालणारा १९९६ चा १११ क्रमांकाचा आदेश मागे घेणारा नवा शासन-आदेश तेलंगणा सरकारने एप्रिल २०२२ मध्ये काढला.