कुलूपबंद, पण रिकामे नव्हे

मीरा रोडच्या आमच्या इमारतीतील तीन घरांच्या किल्ल्या आमच्याकडे असतात. एक घर आखातात नोकरी करणाऱ्या कुटुंबाचे आहे. उरलेली दोन अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या वयस्कर जोडप्यांची आहेत. ती डिसेंबरात उघडतात आणि मार्चचे ऊन तापण्याआधी बंद होतात. मधल्या काळात मी अधूनमधून नळ सोडून पाहतो, कपाटांची दारे उघडी ठेवतो, पावसाळ्यात भिंतीवरची बुरशी पुसतो. या किल्ल्यांमुळेच वाचक म्हणून एक प्रश्न माझ्या मागे लागला. वर्षातले तीन महिने इथल्या स्वतःच्या घरात आणि उरलेले नऊ महिने परदेशात राहणारा हा माणूस मराठी साहित्यात कुठे सापडतो?

माणूस दुर्मीळ आहे म्हणून सापडत नाही, असे म्हणता येणार नाही. १९९१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली मीरा-भाईंदरची वस्ती २०११ च्या जनगणनेत आठ लाखांपलीकडे गेली. त्या वीस वर्षांत इथे घरे घेणाऱ्यांत दादर-गिरगावातून सरकत आलेले जसे होते, तसे परदेशी पगारातून 'म्हातारपणाला असावे' म्हणून घर घेणारेही होते. त्याच जनगणनेने देशाच्या शहरी भागांत एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी असल्याचे नोंदवले. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जनगणना 'रिकामे' घर आणि 'वापरातले, पण कुलूप लावलेले' घर यांत फरक करते. माझे म्हणणे थोडक्यात असे: मराठी साहित्याला भरलेले घर कळले, रिकामे होत जाणारे घर तर फारच उत्तम कळले, पण हे तिसरे घर त्याच्या नोंदवहीत आलेच नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जयवंत दळवींचे 'संध्याछाया'. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा हवाई दलात, आणि घरात वाट पाहणारे नाना-नानी. १९७० च्या दशकातल्या या नाटकाने मराठी मध्यमवर्गाला असा चटका लावला की परदेशी गेलेला मुलगा म्हटले की आजही आपल्याला आधी रिकामी खुर्ची दिसते. नाटकाचे सामर्थ्य मला मान्यच आहे. पण त्याची एक किंमतही आपण मोजली. आपण ते घर केवळ मागे राहिलेल्यांच्या डोळ्यांनी पाहतो. तिथे गेलेला माणूस म्हणजे एक अनुपस्थिती असते, आणि अनुपस्थितीला स्वतःची बाजू नसते. पुढच्या पन्नास वर्षांत दिवाळी अंकांतून आलेल्या कितीतरी कथांनी हाच साचा वापरला. आई-वडील वारतात, मुलगा विमानाने येतो, चार दिवसांत कागदपत्रे उरकतो, घर विकतो. त्या कथांत घर विकले जाणे म्हणजे शेवट असतो. न विकता ते घर तीस वर्षे झाडूनपुसून ठेवणारा माणूस त्या साच्यात बसत नाही.

महेश एलकुंचवारांनी 'वाडा चिरेबंदी'त एक पाऊल पुढे टाकले. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईहून आलेला सुधीर हा वाड्याचा वारसही आहे आणि पाहुणाही. गावातल्या भास्करला वाटते की सुधीर मुंबईत मजेत आहे. सुधीरला आपली शहरातली ओढाताण ठाऊक आहे. दोघांचेही खरे आहे, आणि एलकुंचवार कुणालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाहीत. दूर राहणाऱ्या हिस्सेदाराला मराठीत इतक्या न्यायबुद्धीने क्वचितच कुणी बोलू दिले असेल. तरीही प्रश्न हिश्शाचाच राहतो. सुधीरला वाड्यातून काय मिळावे यावर नाटक बोलते. वाड्यात त्याने कसे राहावे, हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण त्याला तिथे राहायचेच नाही.

राहण्याचा प्रश्न मला प्रथम भेटला तो गौरी देशपांडे यांच्या 'विंचुर्णीचे धडे'मध्ये. अनेक वर्षे परदेशात काढलेली ही लेखिका फलटणजवळच्या विंचुर्णीत घर करते आणि पुस्तकाच्या नावातच 'धडे' हा शब्द घालते. घराची मालकीण तिथे विद्यार्थिनी आहे. मालकी कागदावर एका दिवसात मिळते, रहिवास मात्र शिकावा लागतो, हे भान मला फार मोलाचे वाटते. मात्र गौरीबाईंचे घर हे मुक्कामाचे घर आहे. दरवर्षी ठरल्या महिन्यात सोडून जायचे आणि परत येऊन पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची, ही गोष्ट त्याहून निराळी. उत्तर अमेरिकेतल्या मराठी लेखनाकडे या अपेक्षेने वळलो, तर माझ्या वाचनात आले ते बहुतांशी तिकडच्या संसाराचे किंवा इकडच्या आठवणींचे. इथला मुक्काम त्यात सुट्टीसारखा येतो. सुट्टीत वीजबिल आणि गळका नळ यांना जागा नसते.

वास्तविक या माणसाचा पूर्वज आपल्याला चांगला माहीत आहे. तो म्हणजे कोकणातला चाकरमानी. तोही अकरा महिने मुंबईत, घर कुलपात, गणपतीला दार उघडणार. पण त्याच्या गैरहजेरीला गावाने एक रीत लावून दिली होती. शिमग्याची पालखी त्याच्या दारात यायची, गावकीत त्याचा मान ठरलेला असायचा, भाऊबंदकीत त्याच्याशी भांडणेही राखून ठेवलेली असायची. तो बहुधा नसे, तरी गावाच्या हिशोबात असे. दळवी स्वतः आरवलीचे. मनीऑर्डरवर चालणारी गावे त्यांनी जवळून पाहिली होती. तरीही चाकरमान्याची ही समज अमेरिकेतल्या मुलापर्यंत पोहोचली नाही. माझ्या मते याचे कारण अंतर नाही. चाकरमान्याच्या परत येण्याची तारीख पंचांगात होती. परदेशातल्या मुलाची नव्हती. म्हणून एकाच्या वाट्याला विनोद आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला शोकांतिका.

आज तारीख आहे, पण रीत नाही. कायद्याने बघा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार परकीय नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डावर आयुष्यभर येता-जाता येते, फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मतदान करता येत नाही. म्हणजे हा माणूस देशाच्या लेखी परदेशी आणि सोसायटीच्या लेखी सभासद. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तो येतो डिसेंबरात. चाकरमान्याचा गणपती चुकत नसे, याची सभा दरवर्षी चुकते. सोसायटीच्या भाषेतही एक मौज आहे. सभासदाने घर भाड्याने दिले, म्हणजे तिथे कुणीतरी राहत असले, की बिनभोगवटा शुल्क लागते, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त दहा टक्के. घर कुलूपबंद असले तर ते लागत नाही. जिथे माणसे राहतात ते घर बिनभोगवट्याचे आणि जिथे कुणी नाही ते मालकाच्या वापरात! या एका शब्दात एखाद्या कादंबरीचे बीज आहे.

हे सगळे केवळ वाङ्मयीन कुतूहल असते तर मी एवढा आग्रह धरला नसता. मीरा रोड-भाईंदरच्या जुन्या इमारती आता पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यासाठी सभासदांच्या बहुमताची संमती लागते. आमच्याकडे गळक्या छताखाली रोज राहणारे भाडेकरू मत देऊ शकत नाहीत आणि मत देऊ शकणाऱ्यांपैकी काही दुसऱ्या गोलार्धात आहेत. सभेत कुणी म्हणतो, "ते इथे राहतात कुठे? त्यांना काय विचारायचे?" हे वाक्य ऐकले की मला 'संध्याछाया'चा प्रेक्षक बोलतो आहे असे वाटते. गेलेल्याला बाजू नसते, हे आपण इतके मुरवले आहे. उलट बाजूचा आक्षेपही मी टाळणार नाही. ज्या शहरात भाड्याच्या एका खोलीसाठी माणसे वणवण करतात, तिथे नऊ महिने बंद ठेवलेल्या घराविषयी हळवे होणे ही चैन आहे. आक्षेप खरा आहे. पण हळवेपणा मी मागतच नाही. त्या माणसाला पापी किंवा पोरका न ठरवता, हिशोबासकट लिहावे, इतकेच मागतो. त्याच्या घरात बंद पडून असलेली जागा आणि त्याच्या मनात जपून ठेवलेली जागा, दोन्ही एकाच पानावर यायला हव्यात.

गेल्या डिसेंबरात सहाव्या मजल्यावरच्या काकू पहाटे विमानतळावरून आल्या. रखवालदार नवा होता. त्याने पाहुण्यांची वही पुढे केली आणि विचारले, "किसके यहाँ जाना है?" किल्ली द्यायला मी खाली उतरलो, तोवर काकूंनी वही भरली होती. नावापुढे फ्लॅटचा क्रमांक होता, आणि 'कोणाकडे' या रकान्यात मराठीत लिहिले होते, 'माझ्याकडे'. रखवालदाराने वेळ टाकून घेतली आणि बॅगा लिफ्टपर्यंत पोहोचवल्या. काकूंनी वर जाऊन आधी गॅसची नळी तपासली, मग मला चहाला थांबवून विचारले, "सभेत काय ठरलं रे?"

मला वाटते, आपल्या कथाकारांनी सुरुवात या प्रश्नापासून करावी.