चटका बसला, पुढे काय?

पाच पारदर्शक घुमट आणि एकातून दुसऱ्यात जाणारी वाट. एकात लंडनची हवा, इतरांत बीजिंगची, साओ पावलोची, नवी दिल्लीची. आणि एकात नॉर्वेची निर्मळ हवा. ब्रिटिश कलावंत मायकेल पिन्स्की यांचं ‘पोल्युशन पॉड्स’ हे मांडणशिल्प 2017 साली नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये उभं राहिलं. आतली दूषित हवा निरुपद्रवी पदार्थांनी घडवलेली. तरी एरवी वर्तमानपत्रात वाचून सोडून दिलेला प्रदूषणाचा आकडा इथे थेट नाकात शिरतो.

हे काम एका विद्यापीठीय संशोधन प्रकल्पातून जन्मलं आणि त्याचा परिणामही मोजला गेला. अडीच हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या उत्तरांतून दिसलं, की पर्यावरणासाठी काही करण्याचा इरादा बाहेर पडताना किंचित वाढला होता. मात्र स्वतःच्या उत्सर्जनाचा हिशेब ठेवण्याची प्रत्यक्ष संधी पुढे ठेवली, तेव्हा तो इरादा कृतीत उतरल्याचं आढळलं नाही. समाज बदलू पाहणाऱ्या इमर्सिव्ह, म्हणजे प्रेक्षकाला वेढून घेणाऱ्या, आणि डिजिटल कलेचं दुखणं नेमकं हेच आहे. चटका देण्यात ती तरबेज झाली आहे. पुढचं सारं तिने प्रेक्षकाच्या भरवशावर सोडलं आहे.

सुरुवात मोठ्या आशेने झाली होती. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ ही व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी फिल्म आली. जॉर्डनमधल्या झातारी छावणीत राहणाऱ्या बारा वर्षांच्या सीरियन मुलीचं जग या फिल्मने दावोसला जमलेल्या धुरिणांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. फिल्मच्या सूत्रधारांपैकी एक, ख्रिस मिल्क यांनी त्याच वर्षी एका भाषणात या माध्यमाला सहवेदनेचं यंत्रच ठरवलं. 2017 मध्ये चित्रपट दिग्दर्शक अलेहांद्रो इन्यारितू यांची ‘कार्ने इ अरेना’ आली. इथे प्रेक्षक अनवाणी वाळूवर उभा असतो, भोवती मेक्सिकोची सीमा ओलांडणारे स्थलांतरित आणि समोर बंदुका रोखलेले सीमारक्षक. कान महोत्सवाच्या अधिकृत निवडीतली ती पहिली व्हीआर कलाकृती होती आणि तिला खास ऑस्करही मिळालं. कलाकृती म्हणून ती बिनतोड आहे. पण एका वेळी एकच प्रेक्षक, तोही सहा-सात मिनिटांसाठी. एवढा जामानिमा किती जणांपर्यंत पोहोचणार?

सहवेदनेचा दावा अगदीच पोकळ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2018 मधल्या अभ्यासात काही जणांनी बेघर होण्याचा अनुभव व्हीआरमधून घेतला, तर काहींनी तीच कथा वाचली. बेघरांच्या घरांसाठीच्या अर्जावर पहिल्या गटातल्या 82 टक्के लोकांनी सही केली, दुसऱ्या गटातल्या 67 टक्के. फरक ठळक आहे. मात्र इथे अर्ज समोर होता आणि मागितली होती फक्त एक सही. रोजची सवय बदलणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि घुमटांचा प्रयोग तिथेच अडला.

भारतातही हे माध्यम लवकर आलं. मुंबईच्या मेमेसिस कल्चर लॅबने 2016 मध्ये ‘एल्सव्हीआर’ हे व्हीआर फिल्मचं व्यासपीठ सुरू केलं. त्र्यंबकेश्वरच्या गर्भगृहात प्रवेश मागणाऱ्या स्त्रियांवर खुशबू रांका यांनी ‘राइट टू प्रे’ केली. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’च्या दिग्दर्शक फैजा अहमद खान यांनी छत्तीसगडच्या कोरबातल्या खाणींवर ‘कॉस्ट ऑफ कोल’ केली. 360 अंशांच्या चित्रणात चौकट नसते, त्यामुळे कुठे पाहायचं ते प्रेक्षकालाच ठरवावं लागतं. मंदिराच्या दारातल्या गर्दीसाठी ही शैली चपखल आहे.

हेडसेटशिवायही प्रेक्षकाला वेढता येतं, हे ‘कॅम्प’ या मुंबईच्या कलासमूहाने ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’मधून दाखवलं. मध्य मुंबईतल्या 35 मजली इमारतीवर बसवलेला एकच सीसीटीव्ही कॅमेरा आभाळापासून वस्त्यांच्या छपरांपर्यंत खाली झुकत येतो आणि शहराची उतरंड अनेक पडद्यांवर उलगडते. एरवी पाळतीसाठी असलेलं यंत्र इथे विषमता दाखवायच्या कामी आलं आहे. 2022 च्या कोची बिएनालेत ही कलाकृती गाजली.

पण खरा पल्ला गाठला तो कलेला पुरावा मानणाऱ्यांनी. लंडनच्या ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ या संशोधक गटाने न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या 2019 च्या बिएनालेत ‘ट्रिपल-चेसर’ हा व्हिडिओ मांडला. जगभरच्या आंदोलनांच्या छायाचित्रांतून अश्रुधुराची विशिष्ट नळकांडी ओळखायला संगणकाला शिकवलं होतं. ती बनवणाऱ्या कंपनीचे मालक वॉरेन कँडर्स हे त्याच संग्रहालयाचे उपाध्यक्ष होते. कर्मचारी, कार्यकर्ते आणि कलावंतांच्या दबावापुढे त्यांनी जुलैमध्ये पद सोडलं. एकट्या व्हिडिओला हे श्रेय देता येणार नाही. चळवळीच्या हाती त्याने धारदार साधन दिलं, एवढं निश्चित.

चित्रपटकार अमर कंवर यांचं ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ याच वाटेवरचं. ओडिशातल्या जमिनी आणि खाणींचा संघर्ष त्यात फिल्म, हस्तनिर्मित कागदाच्या पुस्तकांवरची प्रक्षेपणं आणि अडीचशेहून अधिक देशी भातांच्या बियाण्यांमधून मांडला आहे. 2012 मध्ये ते जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात झळकलं, त्याच वर्षी भुवनेश्वरातही खुलं झालं; तिथे लोक स्वतःकडचे पुरावेही त्यात जमा करू शकत होते. काही कलाकृती पुराव्याच्याही पुढे जाऊन थेट कृती करतात. कलावंत अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग यांच्या ‘पोलिनेटर पाथमेकर’मध्ये अल्गोरिदम माणसाच्या नजरेऐवजी मधमाश्या-फुलपाखरांच्या सोयीने बाग आखतो. इंग्लंडमधल्या ईडन प्रोजेक्टमध्ये अशी बाग प्रत्यक्ष लावली गेली.

तंत्र आपल्याकडे आहे आणि प्रेक्षकही आहे. मुंबईत 2023 मध्ये व्हॅन गॉगच्या चित्रांचं 360 अंशांतलं तिकीट लावलेलं प्रदर्शन झालंच. तेव्हा नदी, खाण किंवा वस्तीवरच्या अशा प्रकल्पांना पैसा देणाऱ्यांनी दोन अटी घालाव्यात. ज्यांची गोष्ट सांगितली, त्यांच्याच गावात पहिला प्रयोग व्हावा. आणि प्रदर्शन उतरल्यानंतरच्या वर्षभराच्या कामासाठी अंदाजपत्रकात रक्कम राखलेली असावी.