बेटावरील पंचनामा

ज्या वस्तीत प्रत्येकाला प्रत्येकाची वंशावळ, कर्जे आणि भांडणे मुखोद्गत असतात, तेथे एखादी गोष्ट वर्षानुवर्षे गुप्त राहते ती बहुधा सर्वांना ठाऊक असून कोणी उच्चारीत नाही म्हणूनच. स्कॉटलंडच्या बेटांवर गेल्या दोन दशकांत जी हेरकथा रुजली, तिचे खरे भांडवल हे सामुदायिक मौन आहे.

समुद्रकाठ या वाङ्मयप्रकाराला नवा नव्हे. डोरोथी सेयर्स यांनी १९३१ साली ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’साठी गॅलोवेमधील चित्रकारांची आणि गळ टाकून बसणाऱ्या शौकिनांची वस्ती निवडली, परंतु तेथील सारे स्थलवर्णन अखेर आगगाड्यांच्या वेळापत्रकाच्या दिमतीस हजर राहते, आणि सहा संशयितांपैकी माणूस म्हणून क्वचितच कोणी स्मरणात उरतो. पी. डी. जेम्स यांनी १९८९ च्या ‘डिव्हायसेस अँड डिझायर्स’मध्ये नॉरफोकच्या भूशिरावर अणुवीजकेंद्र उभे करून त्याच्या छायेतील मने सूक्ष्मतेने न्याहाळली, तथापि त्यांचा पोलीस तपासनीस डाल्ग्लिश हा आत्याकडून वारशाने आलेल्या पवनचक्कीत उतरलेला लंडनचा पाहुणाच राहतो.

पाहुणेपणाची ही सोय ॲन क्लीव्ह्‌ज यांनी काढून घेतली. ‘रेव्हन ब्लॅक’पासून (२००६) सुरू झालेल्या त्यांच्या शेटलंड-मालिकेतील पोलीस तपासनीस जिमी पेरेझ हा फेअर आयल या चिमुकल्या बेटाचा सुपुत्र, १५८८ च्या स्पॅनिश आरमारातील फुटलेल्या जहाजाशी आपल्या घराण्याचा संबंध सांगणारा, म्हणून घरचा असूनही किंचित परका. पहिल्याच कादंबरीत एका शाळकरी मुलीचे प्रेत सापडताच सारे गाव मॅग्नस टेट या एकलकोंड्या वृद्धाकडे बोट दाखवते, कारण पूर्वी एक बालिका नाहीशी झाली तेव्हाचा संशय कोणीच दप्तरदाखल करून विसरलेले नसते. ‘रेड बोन्स’मध्ये (२००९) तर व्हाल्सी बेटावर गोळी लागून मेलेली म्हातारी ही तपासातील पोलीस सँडी विल्सन याचीच आजी निघते, आणि जबान्या घेणे म्हणजे स्वकीयांचे जुने व्यवहार उकरणे होऊन बसते. पीटर मे यांच्या ‘द ब्लॅकहाउस’चा नायक फिन मॅक्लाउड एडिंबरोहून जन्मभूमी लुइस बेटावर परततो, तोही असाच आपल्या बाल्याविरुद्ध फिर्याद गुदरायला आल्यासारखा, सुला स्गेअर या निर्जन खडकावर गॅनेट पक्ष्यांची पिले मारण्यासाठी दरसाल जाणाऱ्या पुरुषांचा प्राचीन प्रघात येथे केवळ रंग भरीत नाही, तर कथेतील अपराधाचे मूळच त्यात दडलेले आहे. ही कादंबरी इंग्रजीत २०११ साली अवतरण्यापूर्वी फ्रेंचमध्ये छापली गेली, हे ब्रिटिश प्रकाशकांच्या दूरदृष्टीबद्दल पुरेसे बोलके आहे.

यशाबरोबर दोषही आले. सुमारे तेवीस हजार वस्तीच्या शेटलंडमध्ये ग्रंथामागून ग्रंथ खून पाडीत गेल्यास संभाव्यतेवर ताण पडतोच. शिवाय २०१३ पासून दूरचित्रवाणीने ही बेटे घराघरांत पोहोचविल्यानंतर धुके, कडे आणि दीपगृह यांची आरास करून मनुष्यस्वभावाची उणीव झाकणारे अनुकारक सहज निपजतात. सागराने अपराधाला हेतू पुरवावा, नुसता पडदा नव्हे, ही कसोटी त्यांना लावावी.

शहरी रहस्यकथेत आरोपी गजाआड गेला की मुकदमा निकालात निघतो. बेटावर मात्र त्याची आई, त्याचा नावाडी भागीदार आणि मृताचे आप्त यांना त्याच धक्क्यावर, त्याच दुकानात, त्याच प्रार्थनामंदिरात समोरासमोर यावेच लागते. या उरलेल्या आयुष्याचा हिशेब जी कादंबरी मांडते, तीच, खुनी कोण हे ठाऊक असतानाही, पुन्हा वाचावीशी वाटते.