जुनी छायाचित्रे आणि मुंबईचा वास्तू-इतिहास

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या वास्तुरचनेविषयी लिहिताना जुन्या छायाचित्रांचा आधार घेण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. ही प्रथा स्वागतार्ह असली, तरी तिच्यामागील भूमिका पुरेशी चिकित्सक नाही. एक तर छायाचित्राला ग्रंथाच्या शोभेपुरते स्थान मिळते, नाही तर निर्विवाद साक्षीदाराचा मान मिळतो. ताम्रपट हाती आल्यास तो कोणी, केव्हा आणि कोणासाठी कोरविला हे अभ्यासक प्रथम विचारतो. हेच प्रश्न छायाचित्राला विचारले, तर जुन्या मुंबईची सर्वपरिचित प्रतिमा ही समग्र शहराची नसून त्यातील मोकळ्या मैदानांच्या कडेची आहे, असे दिसून येते.

छायाचित्रणाची कला मुंबईत फार लवकर आली. १८५४ साली येथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही तिच्या कार्यात सहभागी होते. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडर्सन यांनी १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांची मालिका प्रसिद्ध केली. म्हणजे किल्ल्याचे तट उभे होते, तेव्हाच कॅमेरा येथे पोहोचला होता. पुढे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६२ नंतर, तट पाडण्यात आले. त्यामुळे मोकळ्या झालेल्या भूमीवर सचिवालय (१८७४), विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४), राजाबाई मनोरा (१८७८) आणि उच्च न्यायालय (१८७८) अशी गॉथिक वास्तूंची रांग उभी राहिली.

या रांगेच्या बाबतीत छायाचित्रांची साक्ष खरोखर मोलाची आहे. जुन्या चित्रांत या इमारतींसमोर मैदान, त्यापुढे लोहमार्ग आणि त्यापलीकडे बॅक बेचे पाणी असा क्रम आढळतो. पुढे समुद्र हटवून नवी जमीन तयार झाली आणि १९३० च्या दशकापासून मैदानाच्या पश्चिमेस नव्या शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या. आज मैदानात उभे राहणाऱ्यास समुद्र दिसत नाही. त्यामुळे या वास्तूंच्या पश्चिमाभिमुख कमानदार ओसऱ्या केवळ अलंकार वाटण्याचा संभव आहे. त्या समुद्रावरील वाऱ्यासाठी आणि उन्हापासून आडोशासाठी होत्या, हे जुने चित्र पाहताच उमगते.

तथापि कालनिश्चिती करताना सावधपणा हवा. चित्रात राजाबाई मनोरा नसेल, तर मूळ काच १८७८ पूर्वीची असे अनुमान काढता येते. परंतु मनोऱ्याची जागा चौकटीत येते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. शिवाय व्यावसायिक चित्रशाळा एकाच काचेवरून वर्षानुवर्षे प्रती काढून विकीत. कागदाचे वय म्हणजे दृश्याचे वय नव्हे. जॉन्सन यांच्या १८६३ व १८६६ सालच्या दोन खंडांत तर निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची स्वतंत्र चित्रे मुंबईतील स्थळांच्या चित्रांवर जोडलेली आहेत. तेथे माणसे खरी आहेत, वास्तूही खरी आहे. मात्र त्यांचे एकत्र असणे कृत्रिम आहे.

यापेक्षा गंभीर प्रश्न चित्रात न आलेल्या शहराचा आहे. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन ते धुवावे लागे. प्रकाश पुष्कळ लागे आणि हलणारी माणसे पुसट होत. अनेक जुन्या चित्रांतील रस्ते निर्जन दिसतात, ते यामुळे. उंच इमारत चौकटीत मावण्यासाठी दूर उभे राहणेही आवश्यक असे. मैदानाने ही सोय दिली; भुलेश्वर, गिरगाव वा मांडवी येथील गल्ल्यांनी ती दिली नाही. लाकडी सज्जांची घरे, वाड्या आणि चाळी यांचे दर्शनी चित्रण त्यामुळेच विरळ झाले.

खुद्द बंदराची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. मुंबईचे बंदर पूर्वेस, तर तिचा सर्वाधिक चित्रित दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. प्रिन्सेस डॉक (१८८०) आणि व्हिक्टोरिया डॉक (१८८८) यांच्यामागील वखारी आणि मजुरांची वस्ती यांना त्या दर्शनी भागाची प्रतिष्ठा कधीच लाभली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमधील स्फोटाने त्या परिसराची अपरिमित हानी झाली.

दाट वस्तीत कॅमेरा हेतुपूर्वक शिरला तो १८९६ च्या प्लेगनंतर. १८९७ मध्ये जनरल गेटेकर यांच्या प्लेग समितीच्या कार्याची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांत घरे दिसतात. पण ती झडतीची, धुण्याची आणि निर्जंतुक करण्याची घरे आहेत. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने पुढे अशाच वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. एका मुंबईचे चित्रण वास्तू म्हणून झाले, दुसरीचे रोगस्थान म्हणून. हा भेद इतिहासकाराने नकळत स्वीकारणे अनिष्ट होय.

याला उपाय आहे. लॉटन यांच्या १८६५ ते १८७२ मधील भूमापनाचे नकाशे आणि गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) छायाचित्रांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. कॅमेऱ्याला जेथे उभे राहण्यास जागा नव्हती, तेथे मोजणीदाराची साखळी पोहोचली होती आणि मराठी ग्रंथकार पायी हिंडला होता. हा प्रश्न केवळ अभ्यासपद्धतीचा नाही. १९९५ पासून मुंबईत वारसा-वास्तूंच्या संरक्षणाचे नियम आहेत. २०१८ साली मैदानाभोवतालच्या गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला. तो सर्वथा योग्य आहे. परंतु जे चित्रात आले तेच जतनास पात्र, असा समज दृढ झाला, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेची मर्यादा हीच आजच्या विवेकाची मर्यादा ठरेल.