‘दीनबंधू’चे लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की रविवारच्या सुटीची गोष्ट सांगितली जाते, आणि बहुधा तेथेच ती संपते. 2005 साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले, तेही कामगारांचे पुढारी म्हणून. ते योग्यच झाले. परंतु 1880 पासून 1897 साली डोळे मिटेपर्यंत या गृहस्थाने जे काम खांद्यावर वागवले ते वर्तमानपत्र चालवण्याचे होते; आणि त्या कामाची पारख आपल्याकडे फारशी कोणी केलेली नाही. ती करू गेले तर एक अवघड जागा लागते. तिच्याबद्दलच मुख्यतः लिहावयाचे आहे.

‘दीनबंधू’ लोखंड्यांनी काढला नाही. तो काढला भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी, 1 जानेवारी 1877 रोजी, पुण्यात. ‘केसरी’ निघण्यास तेव्हा चार वर्षांचा अवकाश होता. शेतकऱ्यांसाठी आणि कष्टकऱ्यांसाठी पत्र काढावे, ही कल्पना मोठी धाडसाची. आणि वर्ष कोणते, तर भयंकर दुष्काळाचे! सत्यशोधक समाजाची मंडळी त्या वर्षी धनकवडीस अनाथ मुलांसाठी बालाश्रम उघडून त्यांच्या पोटाची सोय लावीत होती. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, त्याच्याकडे पत्राची वर्गणी कोणत्या तोंडाने मागायची? भालेकरांना पत्राचा भार पेलेना, आणि 1880 साली लोखंड्यांनी ते मुंबईस नेले. त्यांनी रेल्वेत, टपालखात्यात नोकऱ्या केल्या होत्या. पुढे मांडवीच्या गिरणीत कारकुनी हिशेब सांभाळीत होते. ही बरी चाललेली नोकरी सोडून ते संपादक झाले. कामाठीपुऱ्यातील सुखवस्तू तेलुगू कंत्राटदारांचा सत्यशोधक समाजाला आधार होता, म्हणून मुंबईत असे पत्र तग धरू शकेल एवढी तरी आशा होती.

आता ती अवघड जागा. 1883 साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधू’त छापून आली, पुढची छापण्याचे लोखंड्यांनी थांबवले. जोतीरावांना हे फार लागले. आपल्याच माणसांच्या भित्रेपणावर त्यांनी जी टीका केली ती मवाळ नव्हती.

लोखंड्यांचे चाहते ही गोष्ट दोन शब्दांत आटोपती घेतात, आणि जोतीरावांचे भक्त तिच्यावरून लोखंड्यांना कायमचे डरपोक ठरवतात. मला दोन्ही पक्ष उतावळे वाटतात. आधीच्याच वर्षी, 1882 साली, बर्वे यांच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून आले होते. त्यांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले ते रामशेठ उरवणे या सत्यशोधकाने. म्हणजे छापलेल्या शब्दाची किंमत काय पडते, हे लोखंड्यांच्या मंडळींनी अगदी जवळून पाहिले होते. ‘केसरी’मागे एक शाळा होती, शिकलेला वाचकवर्ग होता. ‘दीनबंधू’ एकदा बुडाला असता तर पुन्हा कोणी काढला असता? संपादकाने असा हिशेब केला असेल तर त्याला भ्याड म्हणणे मला जड जाते.

आणि तरीही मी म्हणेन की लोखंडे चुकले. कारण ‘असूड’ हा ग्रंथ क्रमाने चढत जाणारा आहे. पहिल्या प्रकरणांत फटकारे आहेत, आरोप आहेत. चौथ्यात जोतीराव लेखणीचा सूर बदलतात. अधिकाऱ्याच्या तंबूवरून हिरमुसला परतणारा शेतकरी दाखवतात, आणि मग आपल्याला त्याच्या घरात नेतात. तेथील गुरे, भांडीकुंडी, अन्न, अंथरूण हे सारे असे डोळ्यांपुढे मांडतात की एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात त्याला तोड सापडणे कठीण. पाचव्यात उपाय सांगितले आहेत. म्हणजे ‘दीनबंधू’च्या वाचकाला राग तेवढा मिळाला, ज्यासाठी राग होता ते घर मिळाले नाही. संपादकाने धोका टाळू पाहिला आणि ग्रंथाचा गाभाच टाळला. सामान्य वाचकाला सबंध ‘असूड’ सहज हाती लागला तो थेट 1969 च्या ‘समग्र वाङ्मया’मुळे. एवढा काळ तो जवळजवळ अंधारात राहिला, याची थोडी तरी जबाबदारी लोखंड्यांच्या माथी येतेच.

असे असूनही गुरुशिष्यांचा संबंध तुटला नाही, हे दोघांच्याही मोठेपणाचे. 1888 च्या मे महिन्यात जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली ती मुंबईच्याच मंडळींकडून.

लोखंड्यांची स्वतःची लेखणी पाहायची तर 1884 च्या सप्टेंबरातील गिरणी कामगारांच्या अर्जाकडे पाहावे. परळच्या सुपारीबागेत सभा भरल्या आणि 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या अशा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, यंत्रात सापडून जायबंदी झालेल्यास मदत. विशेषण एक नाही, देशोद्धाराची भाषा नाही. घरात बसून महिन्याचा हिशेब लिहावा तसे हे आहे. जोतीरावांच्या गद्यातील वीज येथे नाही. पण मालकाला ‘हे अवास्तव आहे’ असे म्हणायला जागाही नाही. 1890 च्या एप्रिलात दहा हजार कामगार जमले, बायकांनीही भाषणे केली, आणि 10 जूनला मालकांनी रविवार कबूल केला. रविवार हा खंडोबाचा वार, असा दाखला लोखंड्यांनी दिला होता म्हणतात. चतुर माणूस खरा!

त्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला ना वर्गणी होती, ना सभासदांची नोंदवही. सरकारी अहवालाने ही उणीव दाखवून दिली आहे. ती खरीच आहे. पण मग संघटना होती कोठे? ती ‘दीनबंधू’च्या कचेरीत होती. गाऱ्हाणे तेथे यायचे, तेथेच त्याचा अर्ज व्हायचा, आणि सभेची वार्ता तेथूनच बाहेर पडायची. न्हावी समाजाने विधवांचे केशवपन करू नये म्हणून लोखंड्यांनी खटपट केली, तिचाही पाठीराखा हेच पत्र. 1893 च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन होते, तेही या पत्रामुळे. सरकारने त्यांना रावबहादूर केले; गिरणीकामगाराच्या पत्राचा संपादक रावबहादूर, हे ज्यांना खटकते त्यांचे खटकणे मी समजू शकतो.

वाईट एवढेच वाटते की ‘दीनबंधू’चे त्या काळचे अंक फार थोडे उरले. देशी पत्रांत काय येते यावर नजर ठेवण्यासाठी सरकार दर आठवड्याला इंग्रजीत गोषवारे काढी. ‘दीनबंधू’चा पुष्कळसा मजकूर आज आपल्याला त्यांतूनच कळतो. म्हणजे मराठी संपादकाची मराठी आपण पहारेकऱ्याच्या तोंडून ऐकतो! लोखंडे कोठे चिडले, कोठे हसले, म्हणी कोणत्या वापरल्या, याचा पत्ता गोषवाऱ्याला नसतो. त्यांच्या शैलीवर कडक निकाल देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

1896 च्या शेवटी मुंबईत प्लेग आला, तो प्रथम मांडवीत, म्हणजे जेथे त्यांनी कारकुनी केली त्याच भागात. ज्याला शक्य तो शहर सोडून पळत होता. लोखंडे राहिले. रुग्णांसाठी इस्पितळाची व्यवस्था करण्याच्या धावपळीत त्यांनाच प्लेगने गाठले, आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी ते गेले. वय पन्नाशीच्या आतच. पुण्यात सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची सेवा करीत होत्या. 10 मार्चला त्याही गेल्या.

पत्र मात्र बंद पडले नाही. बडोद्याची नोकरी सोडून आलेल्या वासुदेव बिर्ज्यांनी ते हाती घेतले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी तानुबाई संपादकाच्या खुर्चीत बसल्या. त्या फुल्यांच्या शेजारच्या घरात वाढल्या होत्या. 1912 पर्यंत ‘दीनबंधू’चे अग्रलेख त्यांनी लिहिले.