ओळीच्या सुरुवातीला काय आहे?

समजा, कर्जत-खालापूरच्या मुलांसाठी विजेच्या पाठाचं टिपण आपण संगणकावर साध्या मजकुरात लिहिलं: ‘१. नदी’, ‘२. धरण’, ‘३. वीजकेंद्र’, एकाखाली एक. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली काढलेल्या मार्कडाउन पद्धतीत याची यादी व्हायला हवी. पण तिन्ही ओळी एकाच परिच्छेदात सलग येतात.

हा मजकूर वाचणारा प्रोग्राम अर्थ पाहत नाही. ओळीच्या आरंभीच्या चिन्हांवरून ती शीर्षक, यादी की साधं वाक्य हे ठरवतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. म्हणून तर लिहिणं सोपं होतं. तक्रार आहे ती २०१४ सालापासूनच्या ‘कॉमनमार्क’ नियमावलीबद्दल. तिच्या लेखी यादीचा क्रमांक म्हणजे फक्त इंग्रजी अंक, पुढे टिंब किंवा कंस. आपला ‘१’ तिथे अंकच नाही!

उलट गंमत पाहा. इंग्रजी अंकांत ‘१९१५. खोपोली वीजकेंद्र सुरू’ आणि त्याखाली ‘१९२२. भिवपुरी वीजकेंद्र सुरू’ असं लिहिलं, तर सालांची यादी होते. पहिला आकडा टिकतो. पुढचे प्रोग्राम स्वतः मोजतो. भिवपुरीपुढे छापलं जातं १९१६! मुलं तेच वहीत उतरवणार.

दहा अंकी क्रमांकांनी काही ब्राउझर गोंधळतात, म्हणून नियमावलीने नऊ अंकांची मर्यादा घातली आहे. इतका बारकावा सुचला, पण १९९१ पासून युनिकोडमध्ये असलेले देवनागरी अंक सुचले नाहीत. ही तांत्रिक अडचण नव्हे, दुर्लक्ष आहे.

तूर्त मराठी क्रमांकाआधी आडवी रेघ आणि मोकळी जागा द्यावी. सालानंतरच्या टिंबाआधी उलटी तिरकी रेघ.