समान वाटप आणि योग्य वाटप : लिनक्स कर्नलमधील इंटरप्ट-वितरणाची चिकित्सा

प्रस्तावना :
नेटवर्क कार्डाकडे माहिती आली, की ते प्रोसेसरला हातातील काम थांबवून आपल्याकडे लक्ष देण्याची सूचना करते. या सूचनेस 'इंटरप्ट' म्हणतात. संगणकात अनेक प्रोसेसर असल्यास ती कोणी स्वीकारावी, या प्रश्नाला लिनक्स कर्नलने दिलेल्या उत्तरांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
१९९९ साली माइंडक्राफ्टने चार प्रोसेसर व चार नेटवर्क कार्डे असलेल्या सर्व्हरवर घेतलेल्या चाचणीत लिनक्स हे विंडोज एनटीच्या मागे पडले. चाचणीचा खर्च मायक्रोसॉफ्टने केल्याने तिच्या निःपक्षपातीपणावर आक्षेप घेतले गेले. तथापि, लिनक्सच्या २.२ आवृत्तीत नेटवर्कचे काम अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी चालू शकत नसे, हा दोष खराच होता. २००१ मधील २.४ आवृत्तीने तो बऱ्याच अंशी दूर केला.

अशा वेळी सर्व प्रोसेसरांना पाळीपाळीने इंटरप्ट द्यावेत, हा उपाय सहज सुचतो. परंतु तो सदोष आहे. काम दुसऱ्या प्रोसेसरकडे गेले, की पहिल्याच्या कॅशमधील माहिती निरुपयोगी ठरते. शिवाय एकाच संभाषणातील पॅकेट्स वेगवेगळ्या प्रोसेसरांवर गेल्यास त्यांचा क्रम बिघडू शकतो.

कर्नलने केवळ साधन द्यावे आणि धोरण बाहेर ठरावे, या भूमिकेतून 'आयआरक्यूबॅलन्स' हा स्वतंत्र प्रोग्राम पुढे आला. २००८ मध्ये ३२-बिट इंटेल कर्नलमधील अंतर्गत वितरक काढून टाकण्यात आला. ही विभागणी तत्त्वतः योग्य होय. मात्र हा प्रोग्राम सर्वसाधारणपणे दर दहा सेकंदांनी आढावा घेतो आणि तेवढ्या अवधीत नेटवर्कवरील भार अनेकदा बदलू शकतो.

अधिक समाधानकारक उत्तर वेगळ्या दिशेने आले. अनेक रांगा असलेल्या कार्डांत प्रत्येक रांगेला स्वतंत्र इंटरप्ट मिळाला. २०१० मधील २.६.३५ आवृत्तीने असेच वितरण सॉफ्टवेअरमध्ये शक्य केले. दोन्हींत एका संभाषणाची पॅकेट्स सामान्यतः एकाच प्रोसेसरकडे जातात. अर्थात, एकच संभाषण अतिशय जड असल्यास त्याचा भार एकाच प्रोसेसरवर पडतो, ही या पद्धतीची मर्यादा आहे.

निष्कर्ष :
इंटरप्टची संख्या समान झाली म्हणजे भार समान झाला, असे नव्हे. वाटपाचे एकक इंटरप्ट नसून संभाषण असावे, हेच या वाटचालीतून सिद्ध होते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अध्यापनात समान वाटपाचे तत्त्व मांडताना त्याची ही किंमतही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे.